शेअरची पेढी कोणती निवडावी?

न्यासाच्या महोत्सवी अंकात शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी यांच्या शेजारी शेअरबाजारावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. त्यांना आमचे उत्तर थोडक्यात असे आहे : न्यास चालतो तो कुटुंबांच्या शिलकीवर. ज्या घरची शिल्लक शाबूत, ते घर दुसऱ्याच्या मुलाच्या फीसाठी हात सैल करते. आणि ज्या घरची शिल्लक बुडाली, त्याच घरावर मदतीचा अर्ज लिहिण्याची पाळी येते. म्हणून हा विषय धर्मादायाबाहेरचा नाही.

धार-देवासकडच्या आपल्या मंडळींची पुंजी पूर्वी ठरलेल्या ठिकाणी असे. थोडी शेती, थोडे सोने, पोस्टाचे खाते, बँकेतली मुदत ठेव. शेअर असलेच तर ते एखाद्या हौशी काकांकडे, लोखंडी पेटीत, कागदी सर्टिफिकिटांच्या रूपाने. आज चित्र निराळे आहे. देवासची बँक नोट प्रेस, तेथील कारखाने, धार जिल्ह्यातले पीथमपूर यांतून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी रक्कम येते. ठेवीचे व्याज महागाईला पुरत नाही. आणि घरातला तरुण मुलगा खिशातल्या फोनवर शेअर घेतो-विकतो. वडील म्हणतात, "ओळखीच्या दलालाकडे जाऊ." मुलगा म्हणतो, "दलाली कशाला द्यायची? मीच करतो." या वादात कोणाचे बरोबर, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

थोडा मागचा इतिहास

शेअरबाजार ही आपल्या भागाला परकी गोष्ट नाही. माळव्यात अफू आणि कापूस यांचा वायदा पिढ्यान् पिढ्या चालला. इंदूरचे सर हुकुमचंद शेठ यांचे नाव कापसाच्या बाजारात मुंबईपर्यंत गाजत होते. स्वतंत्र भारताने 1956 साली रोखे व्यवहारांचा कायदा केला आणि त्याखाली पहिल्या काही वर्षांत ज्या मोजक्या शहरांच्या बाजारांना सरकारमान्यता मिळाली, त्यांत मुंबई, कलकत्ता, मद्रास, अहमदाबाद यांच्याबरोबर इंदूरही होते. धारहून साठेक आणि देवासहून पस्तीसेक किलोमीटरवरचा हा बाजार आपल्या लोकांना त्यातल्या त्यात जवळचा होता.

त्या काळी दलालाशिवाय गत्यंतर नव्हते. भाव कळायचे ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. शेअर घेतला की कागद, हस्तांतराचा फॉर्म, मुद्रांक, कंपनीकडे टपाल. सही जुळली नाही की सगळे परत. हा सगळा व्याप दलाल सांभाळी, आणि त्याबद्दल दलाली घेई. ती रास्तच होती.

हे बदलले ते तीन पायऱ्यांनी. 1994 साली राष्ट्रीय शेअरबाजार, म्हणजे एन. एस. ई., संगणकाच्या पडद्यावर व्यवहार घेऊन आला. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने कागद जाऊन डीमॅट खाते आले. 2000 साली सेबीने इंटरनेटवरून व्यवहारास परवानगी दिली. जो बाजार घरबसल्या पडद्यावर दिसू लागला, त्यासाठी इंदूरला जाण्याचे कारण उरले नाही. मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंजचा व्यवहार आटत गेला आणि 2015 साली सेबीने त्याला रीतसर निवृत्त होऊ दिले.

स्वस्त दलालीची कल्पना मूळची अमेरिकेतली. तेथे 1 मे 1975 रोजी बांधील दलालीची पद्धत रद्द झाली, आणि सल्ला न देता केवळ व्यवहार करून देणाऱ्या स्वस्त पेढ्या वाढल्या. आपल्याकडे 2010 साली बंगळूरला 'झिरोधा' निघाली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिच्यासारख्या कंपन्यांनी जुन्या पेढ्यांचे पुष्कळ गिऱ्हाईक ओढून घेतले.

दोन पात्या, एकच टेकडी

देवासच्या वाचकांना हा भेद समजावणे सोपे आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून तेथे थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. 1948 साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन दरबार आणि दोन कारभार नांदले. टेकडी मात्र दोघांचीही एकच. शेअरच्या पेढ्यांचे तसेच आहे. पूर्ण सेवेची पेढी आणि स्वतःच व्यवहार करण्याची पेढी यांचा कारभार निराळा. पण बाजार तोच, सेबीचे नियम तेच, शेअर ज्या डिपॉझिटरीत जमा होतात त्या एन. एस. डी. एल. आणि सी. डी. एस. एल. याही त्याच. स्वस्त पेढीतून घेतलेला शेअर हलका आणि महाग पेढीतून घेतलेला भारी, असे काही नसते.

मग फरक कशाचा? पूर्ण सेवेच्या पेढीत तुमच्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. धार-देवासात तो बहुधा मोठ्या कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी असतो. पूर्वी त्याला उपदलाल म्हणत, 2019 पासून तो वर्ग राहिला नाही. तो फोन उचलतो, फॉर्म भरतो, कंपन्यांविषयी माहिती देतो, कोणता शेअर घ्यावा हे सुचवतो. बँकांच्या पेढ्यांत बँकेचे, डीमॅटचे आणि व्यवहाराचे अशी तिन्ही खाती जोडलेली असतात. स्वतः व्यवहार करण्याच्या पेढीत यांपैकी बहुतेक काही नसते. फोनवरचा पडदा हीच पेढी. अडचण आली तर तक्रार लिहायची आणि उत्तराची वाट पाहायची.

दलालीचा हिशेब

आता पैशांकडे वळू. समजा, तुम्ही 1 लाख रुपयांचे शेअर घेऊन ठेवणार आहात. पूर्ण सेवेची पेढी शेकडा अर्धा दलाली घेते असे धरू. दलाली 500 रुपये, त्यावर 18 टक्के जी. एस. टी. 90 रुपये, एकूण 590. याशिवाय रोखे व्यवहार कर शेकडा 0.1, म्हणजे 100 रुपये, आणि मुद्रांक 15 रुपये. हे दोन्ही सरकारचे असल्याने कोणत्याही पेढीत सारखेच. बाजाराची किरकोळ फी वेगळी. म्हणजे पूर्ण सेवेत सुमारे 705 रुपये खर्च आला. काही स्वस्त पेढ्या घेऊन ठेवायच्या शेअरवर दलाली मुळीच घेत नाहीत. तेथे हाच खर्च 115 च्या आसपास येतो. काही थोडी ठराविक रक्कम घेतात.

हा आकडा पाहून मुलगा म्हणेल, "पाहा, सहापट!" पण थांबा. तोच शेअर दहा वर्षे ठेवला तर 590 रुपये म्हणजे वर्षाला 59 रुपये पडले. त्यात चांगला सल्ला मिळाला आणि एक चूक टळली तर ते कुठल्या कुठे वसूल होतात. दलाली जड होते ती उलाढालीने. तेच 1 लाख रुपये दर महिन्याला एकदा घेतले-विकले, तर वर्षात बारा खरेद्या आणि बारा विक्र्या; प्रत्येकी 590 प्रमाणे 14,160 रुपये नुसत्या दलालीचे गेले. म्हणजे भांडवलाचा सातवा हिस्सा! बाजाराने चौदा टक्के दिले तरी तुमच्या हाती शून्य.

येथेच पूर्ण सेवेच्या पेढीची ग्यानबाची मेख आहे. प्रतिनिधीचे उत्पन्न तुमच्या नफ्यावर ठरत नाही, तुमच्या उलाढालीवर ठरते. "हा विका, तो घ्या" असे तो वारंवार सांगू लागला तर तो लबाडच आहे असे नव्हे. पण त्याचे हित आणि तुमचे हित दोन दिशांना जाऊ लागले आहे हे ओळखावे. मंडीतला अडत्या माल जितका हलेल तितका खूश असतो. शेतकऱ्याला भाव काय मिळाला ही त्याची दुसरी चिंता.

वार्षिक खर्चाचेही पाहून ठेवावे. ज्याच्या एकट्याच्या नावावर एकच डीमॅट खाते आहे आणि त्यातील शेअरची किंमत 4 लाखांच्या आत आहे, त्याला 'मूलभूत सेवा' खाते घेता येते. त्याला वार्षिक आकार नाही. 4 ते 10 लाखांपर्यंत तो 100 रुपये आहे. 2024 सालच्या सप्टेंबरपासूनची ही सवलत आपल्या पुष्कळ घरांना लागू पडेल. पेढीकडे मागून पाहावी.

म्युच्युअल फंडातही हीच निवड आहे. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेचा 'डायरेक्ट' प्रकार मिळतो. त्यात विक्रेत्याचे कमिशन नसते. फरक वर्षाला शेकडा अर्धा-एक दिसतो, पण तो दरवर्षी कापला जातो. 1 लाख रुपये 12 टक्क्यांनी वीस वर्षांत सुमारे 9 लाख 65 हजार होतात, 11 टक्क्यांनी 8 लाख 6 हजार. एका टक्क्याची किंमत दीड लाखाच्या वर! विक्रेता वीस वर्षे खरोखर उपयोगी पडणार असेल तर ती जरूर द्यावी. एकदा फॉर्म भरून घेऊन तो दिसेनासा होणार असेल तर का द्यावी?

स्वस्ताईचा धोका

तर मग मुलाचेच खरे, असे कोणी म्हणेल. तेही पुरते खरे नाही. व्यवहाराला खर्च नाही म्हटले की माणूस व्यवहार करतच राहतो. सकाळी घेतले, दुपारी विकले. शेअरवरून गाडी वायद्यावर, वायद्यावरून ऑप्शनवर जाते. तेथे स्वस्त पेढीही फुकट नसते, प्रत्येक ऑर्डरमागे साधारण वीस रुपये घेते. सेबीने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा 93 तोट्यात गेल्याचे आढळले. सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख. तीन वर्षांतला एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर होता. शंभर मुलांच्या वर्गात त्र्याण्णव नापास होत असतील, तर त्या वर्गात आपला मुलगा घालण्यापूर्वी कोणताही बाप विचार करील.

याउलट, पूर्ण सेवा म्हणजे पूर्ण सुरक्षितता हाही भ्रम आहे. हैदराबादची कार्वी ही देशातल्या मोठ्या व नामांकित पेढ्यांपैकी एक होती. तिने गिऱ्हाइकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचे उघड झाले, आणि 22 नोव्हेंबर 2019 रोजी सेबीने तिला नवे गिऱ्हाईक घेण्यास मनाई केली. पुढे बहुतेकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आले. पण ज्या मुखत्यारपत्रांवर लोकांनी न वाचता सह्या केल्या होत्या, त्यांची किंमत सर्वांना कळली. पेढीचे नाव मोठे की छोटे, फर्निचर चकचकीत की साधे, यावर सुरक्षितता ठरत नाही. शेअर आपल्या स्वतःच्या डीमॅट खात्यात आहेत की नाहीत, आणि आपण ते पाहतो की नाही, यावर ठरते.

पाहण्याची सोय फुकट आहे. ज्या महिन्यात खात्यात व्यवहार झाला असेल, त्या महिन्याचे एकत्रित पत्रक डिपॉझिटरी स्वतः पाठवते. ते दलालाकडून येत नाही, हेच त्याचे महत्त्व. दलालाने दिलेला कागद आणि हे पत्रक जुळले पाहिजे. 2023 सालच्या जानेवारीपासून व्यवहाराच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर खात्यात पडतात. "अजून आले नाहीत, येतील" हे उत्तर चार दिवस ऐकू नये.

जेथे माणूस हवाच

काही कामे अशी आहेत की तेथे पूर्ण सेवेची दलाली खुशाल द्यावी. आमच्या परिचयातील एका वृद्ध बाईंच्या पेटीत यजमानांच्या पश्चात कागदी शेअर सापडले. नावात एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी नंतर. पत्ता जुन्या घराचा. दोन कंपन्यांची नावे बदललेली. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअरचे विक्रीने हस्तांतर होत नाही. वारसाहक्काने होते, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, सहीची खातरजमा अशी कागदपत्रे लागतात. शिवाय सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही तर तो आणि ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आय. ई. पी. एफ. कडे, वर्ग होतात. तेथून अर्ज करून परत मिळवता येतात. हे काम फोनच्या पडद्यावर होणारे नव्हे. एका जाणत्या प्रतिनिधीने महिनोन् महिने पाठपुरावा करून ते पार पाडले. त्याने घेतलेली फी बाईंना मुळीच जड वाटली नाही. आपापल्या घरच्या जुन्या पेट्या या निमित्ताने एकदा उघडून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे.

ज्यांना डोळ्यांनी कमी दिसते, ज्यांना फोनवर येणाऱ्या गुप्त आकड्यांची भीती वाटते, ज्यांची मुले पुण्याला किंवा परदेशी आहेत, त्यांनीही माणूस असलेली पेढी धरणे बरे. त्यांना सल्ल्यापेक्षा सोबतीची गरज असते. फक्त दलालीचा दर आधी बोलून घ्यावा. सांगितलेला दर शेवटचा नसतो. जुन्या आणि शांतपणे व्यवहार करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो पुष्कळदा खाली येतो. मागायला लाजू नये.

दोन्हींच्या बाहेरचे

एक तिसराही प्रकार आहे, आणि तो आपल्या दाराशीच आहे. "अमुक कंपनीतून बोलतो, खात्रीचा नफा, आज पैसे भरा" असे फोन येतात. इंदुरातून असा सल्ला विकणाऱ्या कित्येक संस्थांवर सेबीने गेल्या काही वर्षांत कारवाई केली आहे. त्यानंतर आले व्हॉट्सअ‍ॅपचे गट आणि खोटी ॲप. त्यांत नफा पडद्यावर फुगत जातो, पैसे काढायला गेले की आणखी भरायला सांगतात. 'डब्बा' या नावाने माळव्यात ओळखला जाणारा बिनकागदाचा सट्टा हा त्यांचाच थोरला भाऊ. तो बेकायदा आहे आणि त्यात बुडालेल्या पैशाची दाद कोठेही मागता येत नाही. नियम एकच : ज्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत सापडत नाही त्याला पैसे देऊ नयेत, आणि ज्याचा सापडतो त्यानेही नफ्याची हमी दिली तर तेथून उठावे. हमी देणे नोंदणीकृत माणसाला मनाईच आहे.

निवड कशी करावी

स्वतःला चार प्रश्न विचारावेत. एक, वर्षात मी किती वेळा घेणार-विकणार? दोन, कंपनीचा ताळेबंद मला वाचता येतो काय, किंवा शिकण्यास वेळ आहे काय? तीन, भाव एकदम वीस टक्के पडला तर मला थांबवणारे कोणी जवळ आहे काय? चार, माझ्या पश्चात हे सगळे कोण शोधून काढील?

वाचता येते, वेळ आहे आणि हात आवरता येतो, अशाने स्वतः व्यवहार करण्याची पेढी घ्यावी. ज्याला यांपैकी काही जमत नाही त्याने सेवेची पेढी घ्यावी, पण उलाढाल कमी ठेवावी. पुष्कळ कुटुंबांना दोन्हींची सांगड सोयीची पडेल : वडिलांचे जुने शेअर आणि वारसाचे कागद सेवेच्या पेढीत, मुलाची दरमहाची नवी बचत स्वस्त पेढीत किंवा फंडाच्या डायरेक्ट योजनेत. ज्यांना नुसता सल्ला हवा आहे, त्यांनी सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराला ठरलेली फी देऊन तो घ्यावा आणि व्यवहार स्वस्त पेढीत करावा. त्याचे उत्पन्न तुमच्या उलाढालीवर अवलंबून नसते. कोणतीही पेढी घेतली तरी नामनिर्देशन भरावे, खात्यांची यादी घरात एका वहीत लिहून ठेवावी, आणि पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा, मग तो लग्नाचा असो, शिक्षणाचा असो की औषधपाण्याचा, बाजारात घालू नये.

न्यासाच्या निधीविषयी दोन शब्द. धर्मादाय संस्थेने पैसा कोठे ठेवावा हे प्राप्तिकर कायद्याने ठरवून दिलेले आहे, आणि बाजारातून शेअर विकत घेणे सहसा त्या यादीत बसत नाही. तेव्हा वरील सर्व विवेचन कुटुंबांच्या पुंजीपुरते आहे. देणगीदारांचा पैसा या चर्चेत कोठेही येत नाही.

वडील आणि मुलगा यांच्या वादाचा निकाल मग असा लागतो : दलाली वाचवणे ही बचत खरीच, पण पाचशे रुपये वाचवून पन्नास हजार घालवणारा, आणि पन्नास हजारांच्या भीतीने दरवर्षी चौदा हजार देत राहणारा, दोघेही सारखेच तोट्यात आहेत. दोघांनी एका रविवारी दुपारी डिपॉझिटरीचे पत्रक समोर घेऊन एकत्र बसावे. वडिलांना आपले शेअर कोठे आहेत ते कळेल, मुलाला ते किती वर्षांच्या काटकसरीने जमले ते कळेल. कोणत्याही पेढीच्या सेवेत ही गोष्ट मिळत नाही, आणि तिला दलालीही पडत नाही.